पाटी म्हणते हळू, रस्ता म्हणतो पळ

महाराष्ट्रात रस्त्यांपेक्षा रस्त्याकडेचं साहित्य अधिक सकस आहे. एखाद्या रस्त्याला साइडपट्टी नसेल, पण पाटी असते, आणि पाटीला यमक असतं. ‘अति घाई, संकटात नेई’ ही ओळ घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या किती पिढ्यांनी वाचली असेल याची गणती नाही. ‘वाहने सावकाश हाका’ ही तर आपली आद्य वाहतूक-ऋचा. तिच्यातलं क्रियापद बैलगाडीच्या काळातलं आहे. बैल होते तोवर ती पाळलीही जात होती, कारण बैलांना वाचता येत नसलं तरी सावकाश चालता येत होतं. पुढे बैल गेले, अश्वशक्ती आली, क्रियापद मात्र जागचं हललं नाही. या पाट्यांचा एक साधा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. चार ओळींची सयमक पाटी वाचून तिच्यातला उपदेश मनात उतरवायला तीन सेकंद लागतात असं धरलं, तर सुरक्षिततेचं चिंतन करत करत माणूस समोर न बघता ६६ मीटर गेलेला असतो. म्हणजे पाटीचा मान राखायचा तर आधी गाडी बाजूला घेऊन, थांबवून, ती वाचायला हवी. त्या अर्थी पाटी वेग कमी करते, हे मान्य करायला हरकत नाही.

पाटी बोलत असते त्याच वेळी रस्ताही बोलत असतो, आणि तो अगदी उलट बोलतो. रुंद, सरळ, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी मोकळा असा रस्ता चालकाला म्हणतो, ‘संकोच करू नका, घ्या आणखी थोडा वेग.’ ही अवस्था जुन्या लग्नाच्या पंगतीसारखी आहे. भिंतीवर डॉक्टरांनी लिहून दिलेला पथ्याचा तक्ता टांगलेला आहे, आणि समोर वाढपी जिलबीचं ताट घेऊन आग्रह करतो आहे. अशा वेळी माणूस भिंतीकडे बघत नाही. नंतर साखर वाढली की दोष मात्र जेवणाऱ्यालाच जातो. वाढप्याला कुणी विचारत नाही आणि यजमानाला तर नाहीच नाही. आपल्या रस्त्यांवरच्या वेगाची गोष्ट नेमकी हीच आहे. चालक वेग ठरवतो तो काट्यावरचा आकडा पाहून नव्हे, तर रस्ता काय करू देतो आहे ते अंगाने जोखून. त्याला हळू जायला लावायचं असेल तर पाटीचा मजकूर बदलून भागणार नाही; जिलबी आवरती घ्यावी लागेल. रस्त्याची घडणच अशी हवी की हळू जाणं सहज वाटावं आणि पळवणं अवघड. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे. उरलेला सगळा युक्तिवाद आहे, आणि तो पळवत नेण्यासारखा नाही.

मुळात माणसाला वेग कळतच नाही. आपली पावलं ताशी पाच किलोमीटरसाठी घडली. डोळे आणि कान त्याच बेताचे. पुढच्या वेगाचा अंदाज आपण आजूबाजूच्या वस्तू किती भराभर मागे पडतात त्यावरून बांधतो. वड आणि चिंचांच्या रांगेतून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर साठचा वेगही चांगलाच जाणवतो. तेच वड कापून रस्ता चौपदरी केला, काचा वर केल्या, एसी लावला आणि गाणी सुरू केली, की शंभरसुद्धा आरामखुर्चीत बसल्यासारखे वाटतात. तासभर तशा वेगाने आल्यावर गावाच्या हद्दीत गाडी साठवर आणली की चालकाला वाटतं आपण वरातीत चाललो आहोत. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याची आखणीच ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून झाली आणि मोटारींना मर्यादा घातली १२० ची. रस्त्याने दीडशेची तयारी ठेवायची आणि पाटीने एकशेवीसवर समाधान मानायला सांगायचं, हा घरात दोन वडीलधारे असल्यासारखा प्रकार झाला. पोर ज्याचं ऐकायला सोपं त्याचंच ऐकणार. सरळ आणि एकसुरी रस्त्यावर चालकाची जी डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी अवस्था होते, तिला महामार्ग-संमोहन हा भारदस्त शब्दही आता वर्तमानपत्रांतून रुळला आहे. लांबच लांब सरळ रेषेपेक्षा अधूनमधून संथ वळण बरं, हे महामार्गशास्त्रातलं जुनं शहाणपण आहे. वळण घेण्यासाठी का होईना, माणूस जागा राहतो.

वेग कळत नसेल तर तो दाखवता येतो, याचेही पुरावे आहेत. शिकागो शहरात लेक शोअर ड्राइव्हवर एक अवघड वळण आहे. तिथे २००६ साली रस्त्यावर आडव्या पांढऱ्या रेघा मारल्या. सुरुवातीला त्या दूरदूर आहेत आणि वळण जवळ येईल तशा जवळजवळ येत जातात. गाडीचा वेग तोच असला तरी रेघा भराभर चाकाखाली येऊ लागतात, आपण जास्तच पळतो आहोत असं वाटतं आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. असाच एक प्रयोग आपल्या मुंबईतही झाला, फक्त रस्त्याऐवजी रुळांवर. मोठी वस्तू प्रत्यक्षापेक्षा हळू येते आहे असं डोळ्यांना वाटतं, आणि रूळ ओलांडणाऱ्याचा लोकलच्या वेगाचा अंदाज त्यामुळे चुकतो. वडाळ्याला २०१० च्या सुमारास रुळांखालचे काही स्लीपर ठरावीक अंतरावर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी ते किती भराभर गिळत येते आहे हे दिसावं. ‘रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे’ ही पाटी तिथे आधीपासून होतीच. तिने जे साधलं नव्हतं ते रंगाच्या डब्याकडून करून घ्यायची ही कल्पना होती. दोन्हीकडे माणसाचा स्वभाव बदलायला कुणी गेलं नाही. त्याच्या डोळ्यांना दिसणारं दृश्य बदललं.

हा सारा खटाटोप कशासाठी, हे आकड्यांत सांगितलेलं बरं, कारण इथे विनोदाला जागा कमी आहे. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. महाराष्ट्राचा वाटा पंधरा हजारांच्या वर होता. सरकारी नोंदीनुसार यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, आणि पादचाऱ्याला धडकणाऱ्या मोटारीचा वेग ५० ऐवजी ६५ असेल तर त्याच्या मरणाची शक्यता साडेचार पटींनी वाढते. पन्नास आणि पासष्ट यांतला फरक चालकाच्या पायाच्या अंगठ्याला जेमतेम कळतो. ज्याला धडक बसते त्याच्या घरच्यांना तो कायमचा कळतो. आता त्या ७१ टक्क्यांबद्दल शंका घेता येईल, आणि घ्यावी. अपघाताच्या कागदात ‘अतिवेग’ हे कारण लिहायला सोपं असतं, वादग्रस्त नसतं, आणि ते लिहिलं की चौकशी संपते. आकडा थोडा फुगलेला असेलही. पण तो निम्मा धरला तरी एक प्रश्न उरतोच. त्या जागी तो वेग शक्य कुणी करून दिला? पंचनाम्यात रस्ता असतो तो फक्त घटनास्थळ म्हणून. आरोपींच्या यादीत तो कधीच नसतो.

वेग आवरण्याचा आपला राष्ट्रीय उपाय म्हणजे गतिरोधक. त्याचा जन्म बहुधा शोकातून होतो. अपघात होतो, गाव रस्त्यावर उतरतं, रास्ता रोको होतो, अधिकारी येऊन आश्वासन देतात आणि एका रात्रीत उरलेल्या डांबराचा उंचवटा तयार होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत गतिरोधकाची मापं दिलेली आहेत. रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटीमीटर, पाठीची गोलाई १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची, वर ठळक पट्टे आणि ४० मीटर आधी सूचनाफलक. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला तो सुखाने ओलांडता यावा, असा हिशेब त्यामागे आहे. प्रत्यक्षात आपल्याकडचा गतिरोधक हा दिवाळीच्या किल्ल्यासारखा असतो. आळीतल्या प्रत्येकाचं त्यात योगदान असतं, माप कुणाचंच नसतं, आणि उंची ठरते ती माल किती उरला त्यावर. रंगाचे पट्टे पहिल्या पावसापर्यंत टिकतात. पुढे हा किल्ला अंधारात दबा धरून बसतो, आणि त्याची पहिली खबर चालकाला डोळ्यांऐवजी मणक्यांतून मिळते. बड्या पाहुण्यांचा ताफा यायचा असेल तर हेच किल्ले रातोरात भुईसपाट होतात. म्हणजे कोणता रस्ता सुखाचा आणि कोणता दुःखाचा, हे यंत्रणेला पक्कं ठाऊक असतं.

गतिरोधकाचं घराणं मात्र थोर आहे. आर्थर कॉम्प्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९२७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते प्रकाशकण इलेक्ट्रॉनवर आपटला की त्याची ऊर्जा घटते हे दाखवल्याबद्दल. हेच गृहस्थ पुढे सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख झाले. आवारातून गाड्या सुसाट जातात हे पाहून १९५३ साली त्यांनी त्या गाड्यांसाठीही उंचवटे आखले. उंचवट्यावर आपटलेल्या मोटारीचीही ऊर्जा घटते, हा त्यांच्या मूळ सिद्धांताचा गावठी अवतार म्हणायला हवा. नंतर १९७० च्या दशकात ब्रिटनच्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेत उंचवट्यांच्या आकारांवर चाचण्या झाल्या आणि त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. आखूड, टोकदार उंचवट्यावरून गाडी वेगाने नेली तर आतल्या माणसाला बसणारा हिसका वेगाच्या प्रमाणात वाढत नाही; कधी कधी तो कमीच होतो, कारण चाक उडतं आणि स्प्रिंगा धक्का गिळतात. लांब, सौम्य पाठीच्या उंचवट्यावर मात्र जितका वेग जास्त तितका त्रास जास्त. म्हणून १२ फुटांचा उंचवटा निवडला गेला आणि तेच माप ३.७ मीटर होऊन आपल्या पुस्तकात आलं.

आता आपला दिवाळीचा किल्ला या कसोटीवर घासून पाहा. तो आखूड आणि उभट असल्यामुळे दंड भलत्यालाच होतो. उंच टायरांची दांडगी गाडी त्यावरून उडत जाते. सायकलवाला, स्कूटरवर मागे बसलेली आई, रिक्षातली गरोदर बाई आणि रुग्णवाहिकेतला पेशंट यांना, म्हणजे जे मुळातच हळू चालले होते त्यांना, तो पूर्ण शिक्षा देतो. मोटारसायकलवाल्याने तर यातून केव्हाच वाट काढली आहे. पावसाचं पाणी जावं म्हणून गतिरोधक आणि फूटपाथ यांच्यामध्ये जी वीतभर फट ठेवतात, तीत चाक नेमकं घालून तो न डगमगता निघून जातो. सर्कशीत हा खेळ बघायला तिकीट पडलं असतं. कधी ती फट हुकते, कधी अंधारात किल्ला दिसत नाही, आणि मग खेळ संपतो. २०१५ च्या सरकारी आकडेवारीत गतिरोधकांपाशी झालेले अपघात ११ हजारांच्या वर आणि त्यांतले मृत्यू तीन हजारांच्या वर होते. जीव वाचवण्यासाठी केलेल्या वस्तूने जीव घ्यावेत, यात दोष वस्तूच्या कल्पनेचा फारसा नाही. तो तिच्या मापाचा आणि जागेचा आहे. औषध चमच्याने घ्यायचं की वाटीने, हे आपण घरी विचारतो. रस्त्यावर विचारत नाही.

उंचवटा नको तर त्याचं चित्र काढू, अशीही एक टूम निघाली होती. रस्त्यावर असा रंग द्यायचा की दुरून ठोकळे उभे आहेत असं वाटावं. २०१६ साली केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरी यांनीही असे आभासी गतिरोधक करून पाहत असल्याचं जाहीर केलं होतं. कॅनडात वेस्ट व्हँकुव्हरला २०१० साली याच्याही पुढची मजल गेली. चेंडूमागे धावणाऱ्या छोट्या मुलीचं असं चित्र रस्त्यावर लावलं की ठरावीक अंतरावरून ती उभी असल्यासारखी दिसावी. कल्पना मोठी कलात्मक आहे, पण हा ‘लांडगा आला रे आला’चा प्रकार आहे. पहिल्यांदा चालक दचकतो, दुसऱ्यांदा हसतो, तिसऱ्यांदा पाहुण्यांना दाखवायला घेऊन येतो. चौथ्यांदा तिथे खरंच एखादी मुलगी चेंडूमागे धावली तर काय, या प्रश्नाचं उत्तर चित्रकाराकडे नसतं. शिकागोच्या रेघा आणि हे चित्र यांत फरक आहे. रेघा खऱ्या वळणाची आणि खऱ्या वेगाची जाणीव ठळक करतात. चित्र नसलेल्या वस्तूचा धाक घालतं. धाक खोटा निघाला की खऱ्या सूचनेचीही किंमत उतरते. रस्त्याने चालकाशी खोटं बोलू नये.

मग रस्त्याने खरं बोलायचं ते कसं? त्याची व्याकरणाची पुस्तकं तयार आहेत. मार्गिका अरुंद करा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०२३ साली सात शहरांतल्या हजारावर रस्त्यांचा अभ्यास केला, त्यात शहरी वेगाला ९ फुटांपेक्षा १२ फुटांच्या मार्गिकांवर अपघात जास्त आढळले. चौकाच्या कोपऱ्याची ऐसपैस गोलाई काढून तो काटकोनाजवळ आणा, म्हणजे ‘फ्री लेफ्ट’ घेणाऱ्याला वळताना ब्रेक लावावाच लागतो. रस्ता ओलांडायच्या जागी फूटपाथ थोडा पुढे आणा, म्हणजे आजीबाईंना चाळीस फुटांऐवजी पंचवीस फूटच पार करावे लागतील. शाळेच्या दारात झेब्रा क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला उचला. आजवर मूल रस्त्यावर उतरत होतं, आता गाडी मुलाच्या पातळीवर चढेल. चौकात सिग्नलऐवजी छोटं वाहतूक बेट करा. अमेरिकेतल्या वीसेक चौकांत असा बदल केल्यावर माणसं जखमी होतील असे अपघात सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटल्याचं २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. कारण सरळ आहे. बेटाभोवती कुणालाच सरळ जाता येत नाही, त्यामुळे समोरासमोरची आणि काटकोनातली जोरकस टक्कर उरतच नाही. आपल्याकडे बेटं आहेत, पण ती वाहतुकीसाठी कमी आणि पुतळा, बंद पडलेलं कारंजं व वाढदिवसाचे फ्लेक्स यांच्या सोयीसाठी जास्त आहेत. शिवाय भोवतीचा रस्ता इतका प्रशस्त की बेट हा अडथळा न होता धावपट्टीवरचा विसावा होतो.

या विचाराचं माहेर हॉलंडमधलं डेल्फ्ट. तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही गल्ल्यांतली सरळ वाट मोडून तिच्यात झाडं, बाक, कुंड्या अशा बेताने मांडल्या की गाडीला नागमोडी आणि माणसाच्या चालीनेच जावं लागावं. १९७६ मध्ये तिथल्या कायद्याने या रचनेला मान्यता दिली. तिचं डच नाव ‘वूनर्फ’, म्हणजे राहत्या घराचं अंगण. मराठी माणसाला हे समजवायला डच भाषेची गरज नाही. वाड्याच्या चौकात कुणी कधी साठच्या वेगाने स्कूटर चालवली आहे का? तिथे तुळशीवृंदावन होतं, वाळवणं होती, रांगणारं पोर होतं, आणि ‘वाहने सावकाश हाका’ ही पाटी नव्हती. सदाशिव पेठेतल्या बोळांत, गोव्याच्या वाड्यांतून चिऱ्यांच्या कुंपणांमधून वळत जाणाऱ्या रस्त्यांवर आजही चालक आपोआप पाय आखडता घेतो, कारण पुढच्या वळणाआड काय आहे हे कुंपण सांगत नाही. वेग कमी ठेवणारी ही घडण आपल्या पूर्वजांनी अभ्यास न करता केली आणि आपण अभ्यास करून ती रुंदीकरणात पाडली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो घेणारा माणूस सहसा गाडी चालवत असतो. ‘आपले लोकच बेशिस्त, इथे काही उपयोग नाही, शिस्त रक्तात असावी लागते.’ हा रक्तगट तपासून पाहण्यासारखा आहे. शिस्तप्रिय म्हणून ज्यांचे दाखले आपण देतो त्या डचांच्या देशात १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळच उभी राहिली. त्यानंतरच्या दशकांत रस्ते बदलले. सीटबेल्ट, चांगल्या गाड्या आणि चांगली इस्पितळं यांचाही त्यात वाटा आहे, पण गाड्या कितीतरी वाढूनही तिथला आकडा आता वर्षाला सातशेच्या आसपास आहे. एवढ्या काळात डचांचं रक्त काही बदललं नाही. आपल्या बाजूचा पुरावा तर रोजचा आहे. लक्ष्मी रोडवर गोगलगाय झालेला तोच चालक अर्ध्या तासाने महामार्गावर चित्ता होतो. संस्कार तेच, आईवडील तेच, लायसन्सही तेच. बदलला तो रस्ता.

दुसरा आक्षेप जरा हुशार आहे. हॉलंडमधल्या द्राख्तन गावात हान्स मोंडरमन या वाहतूक अभियंत्याने वर्दळीच्या चौकातले सिग्नल काढून टाकले. दिवसाला बावीसेक हजार वाहनं जाणारा तो चौक, तरी रहदारी सुरळीत झाली. पत्रकार आले की मोंडरमन पाठमोरा होऊन, मागे न बघता, सरळ त्या रहदारीत चालत जाई आणि गाड्या त्याच्यासाठी थांबत. ‘मग आमच्याकडे काय वेगळं आहे?’ असं आक्षेपक विचारतो. ‘आमचे सगळेच चौक असे आहेत. पट्टे नाहीत, सिग्नल बंद, गाय मध्ये बसलेली, आणि पाठमोरा चालणारा तर प्रत्येक माणूस आहे, तोही मोबाइलवर बोलत. तरी माणसं मरतातच.’ याचं उत्तर क्रमात आहे. मोंडरमनने सिग्नल काढण्याआधी जागा बदलली. चौकाला गावच्या मैदानाचं रूप दिलं, मध्ये बेट आणि बाजूंना कारंजी आली, फरसबंदी बदलली आणि वेग आधी खाली आला. वेग कमी असेल तरच माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून निर्णय घेऊ शकतात. आपण वेग महामार्गाचा ठेवतो आणि गोंधळ जत्रेचा. जत्रेत माणूस माणसाला धडकतो तेव्हा कपाळाला टेंगूळ येतं. तीच धडक ७० च्या वेगाने झाली तर काय होतं ते सांगायला नको.

‘मग खड्डे आहेतच की, फुकटचे गतिरोधक!’ हा तिसरा आक्षेप विनोदाच्या वेषात येतो. हा विनोद आता इतका वापरला गेला आहे की त्यालाही खड्डे पडले आहेत, तरी उत्तर देऊ. चांगल्या रचनेची पहिली अट म्हणजे ती आधी दिसावी आणि रोज तिथेच असावी. खड्डा पावसागणिक जागा आणि खोली बदलतो, पाण्याखाली लपतो, आणि चालकाला हळू करण्याऐवजी बाजूला उडी मारायला लावतो, नेमकी शेजारून जाणाऱ्याच्या अंगावर. चौथा आक्षेप दंडाचा. कॅमेरे लावा, चलन घरी पाठवा, लोक सुतासारखे सरळ होतील. कॅमेऱ्यांचा उपयोग होतो, महामार्गावर तर ते हवेतच. पण कॅमेऱ्याचा धाक कॅमेऱ्यापुरता असतो. तो कुठे आहे हे आठवडाभरात सगळ्या टॅक्सीवाल्यांना पाठ होतं आणि त्याच्या पुढे पन्नास पावलांवर राहिलेला वेग सव्याज वसूल केला जातो. राज्यातल्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा किंवा हवालदार उभा करणं शक्य नाही. फूटपाथचा दगडी कोपरा मात्र चोवीस तास ड्यूटीवर असतो, त्याला जेवणाची सुट्टी लागत नाही आणि तो कुणाशी तडजोड करत नाही.

शेवटचा आक्षेप वेळेचा, आणि त्याला रुग्णवाहिकेची जोड देऊन तो नेहमी गंभीर केला जातो. आधी वेळ बघू. शहरातलं पाच किलोमीटरचं अंतर ५० च्या वेगाने ६ मिनिटांत आणि ३० च्या वेगाने १० मिनिटांत होईल. फरक चार मिनिटांचा, तोही मध्ये एकही सिग्नल नाही, एकही वरात नाही आणि कुणी दुहेरी पार्किंग केलेलं नाही असं धरून. प्रत्यक्षात दोन सिग्नलांमध्ये ६० ने पळून गेलेला माणूस पुढच्या लाल दिव्यापाशी, मागून ३० ने आलेल्याच्या शेजारीच उभा सापडतो. फक्त त्याचं पेट्रोल आणि रक्तदाब जास्त खर्च झालेला असतो. रुग्णवाहिकेचं म्हणणं खरं आहे आणि म्हणूनच ते दिवाळीच्या किल्ल्यांविरुद्ध जातं. बाहेर काही ठिकाणी रस्त्यावर उशांसारखे उंचवटे करतात; बस किंवा रुग्णवाहिकेची रुंद चाकं त्यांच्या दोन्ही बाजूंनी जातात आणि मोटारीला मात्र चढावं लागतं. आपल्याकडे दोन उशांमधून दुचाकींचा जथा निघेल, हे कबूल. जिथे दुचाकी जास्त तिथे पूर्ण रुंदीचं, सपाट माथ्याचं उंच क्रॉसिंग बरं. आणि अरुंद मार्गिका, घट्ट कोपरे, छोटी बेटं यांतल्या कशानेच पेशंटचा मणका हलत नाही. झाडांबद्दलही तेच तारतम्य हवं. शंभरच्या महामार्गाला चिकटून उभं झाड घातक, तीसच्या गल्लीतलं झाड उपकारक. औषध एकच, पथ्य जागेप्रमाणे.

हे सगळं माहीत असून होत का नाही, याचं कारण अभियांत्रिकीत सापडणार नाही. रुंदीकरणाचं भूमिपूजन करता येतं, नारळ फोडता येतो, फ्लेक्सवर हात जोडून उभं राहता येतं. ‘आमच्या कार्यसम्राटांच्या प्रयत्नांतून आपला रस्ता अर्धा मीटर अरुंद झाला, हार्दिक अभिनंदन’ असा फ्लेक्स लावायला अजून कुणी धजावलेलं नाही. नागरिकांनाही रस्ता म्हटलं की तो मोठाच हवा असतो. तो मोठा झाल्यावर त्यावरून पळणाऱ्या गाड्या दुसऱ्यांच्या असतात, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. कायदा मात्र थोडा पुढे सरकला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८ अ हे कलम आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पंचनाम्यातला घटनास्थळाचा रकाना कागदोपत्री तरी आरोपीच्या रकान्याकडे सरकू शकतो. तो तसा सरकावा म्हणून कुणीतरी आधी मानक वाचलेलं असायला हवं.

तेव्हा वाचकहो, आपल्या गल्लीत गतिरोधक हवा म्हणून पुढचा अर्ज लिहायला बसाल तेव्हा दोन मिनिटं थांबा. आधी शाळेच्या दारातलं उंच क्रॉसिंग मागा, कोपऱ्याची गोलाई कमी करून मागा, फूटपाथ दोन हात पुढे मागा. एवढं करूनही उंचवटाच मिळणार असेल तर ज्या रात्री डांबराची गाडी येईल त्या रात्री कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून टेप उसनी घेऊन खाली उतरा. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर. शिंप्याच्या टेपने रुंदी मोजायला अडीच वेळा सरकवावी लागेल. उंचीला मात्र तिचे पहिले चार इंच पुरतात.